मिटल्या पापण्यांची ज्येष्ठा

झुंबरबाईंच्या ओसरीत दरवर्षी श्रावण संपताना चाळीस-पन्नास बायका झोपलेल्या असत.

फळीवर ओळीने ठेवलेले मुखवटे. मातीचे, रंग न लागलेले. सगळ्यांचे डोळे मिटलेले. सकाळचं ऊन त्यांच्या गालांवरून सरकत जाई, आणि आता एखादी कूस बदलेल असं वाटे. मी दबक्या पावलांनी आत जायची. झुंबरबाई म्हणत, "झोपू दे त्यायले. मंग तीन दिवस उभं राहा लागते."

भाद्रपदात आमच्या भागात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. धड लोखंडी कोठीचं, पोकळ पत्र्याचं, त्यावर लुगडं. चेहरा मात्र मातीचा. हिवरा आश्रमापासून डोणगावापर्यंतच्या गावांत बहुतेक जुन्या घरांतले चेहरे झुंबरबाईंच्या हातचे.

आमच्या घरी त्या बसत नाहीत. आम्ही बौद्ध आहोत. मी झुंबरबाईंच्या कुंभारवाड्यात गेले ती पुस्तकांमुळे.

मी मराठीत एम.ए. करत होते. लघुप्रबंधाचा विषय होता स्त्रीचे आदिबंध. मनाचा तळ शोधणारे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की प्रत्येकाच्या आत काही जुने आकार असतात. आई, कुमारी, म्हातारी, अंधारातली काळी. ते कुणी शिकवत नाही. त्याच बायका जगभरच्या दैवतकथांत नाव बदलून, लुगडं बदलून येतात. मी चाळीस पुस्तकांतून टिपणं काढली होती. सरांनी ती चाळली आणि म्हणाले, "समता, हे सगळं कागदावरचं झालं. एखादी जिवंत बाई पाहा."

झुंबरबाईंना मी हे माझ्या परीने सांगितलं. त्या माती तुडवत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पायात बळ मात्र तिशीचं.

"मनाच्या खाली साचे असतात म्हनतेस?"

"हो, आजी."

"मनाच्या खाली कोनं पाह्यलं? माहा तं फळीवर हाये. अन आजी नको म्हनू. आजी म्हनशीन तं मी म्हातारी होईन. नावानं बोल."

तेव्हापासून मी त्यांना झुंबरबाई म्हणते. आमची मैत्री अशी सुरू झाली. घरी आई मला टोमणे मारायची. आई म्हणजे कलाबाई, अंगणवाडीत मदतनीस. "बाविस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुले? का तिथं माती लागली का पुसल्या जातात?" मी म्हणायची, मी पूजा करत नाही, पाहते. आई भाकरी थापत म्हणायची, "पाहा बापा. माती तं माती हाये. कुंभाराची अन आपली काही येगळी नाही."

झुंबरबाईंनी साचा मला पहिल्याच दिवशी दाखवला. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. भाजलेल्या मातीचा, खोलगट, विटेच्या रंगाचा. त्यांच्या आईने केलेला. आत पाहिलं तर नाक आत गेलेलं, ओठ आत गेलेले. चेहरा असा उलटा असला की कुणाचाच वाटत नाही.

ज्येष्ठाही त्याच साच्यातून निघे आणि कनिष्ठाही.

"मग थोरली कोणती ते कसं कळतं?"

"डोयात. धाकटी समोर पाहते. थोरली जराशीक खाली पाहते."

इतर कारागिरांच्या साच्यात उघडे डोळे कोरलेले असतात. या साच्यात पापण्या मिटलेल्या होत्या. झुंबरबाई त्या फुगीर पापण्यांवर कुंचल्याने उघडे डोळे काढत. म्हणून त्यांच्या महालक्ष्म्या नुकत्या जाग्या झाल्यासारख्या दिसत. कुणीतरी हाक मारली, आणि अजून पुरतं कळलेलं नाही, अशा.

आणखी एक गोष्ट मी रोज पाहत होते. मुखवटा साच्यातून निघाला की डाव्या भिवईच्या टोकाशी एक खळगा राही, ज्वारीच्या दाण्याएवढा. झुंबरबाई बोटावर मातीची गोळी घेत, खळग्यात दाबत, ओल्या फडक्याने पुसत. मग तिथे काही होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

"मायच्या साच्याची खोड हाये," त्या म्हणाल्या. "एवढी हुशार बाई, अन एक चूक राह्यली हातून. म्या कोनाले दिसू नाही देली. पन्नास वर्स झाले."

---

ज्येष्ठेबद्दल मी पुस्तकांत जे वाचलं होतं ते एकदा त्यांना सांगितलं. समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी ज्येष्ठा वर आली, थोरली. तिला कुणी घ्यायला तयार नव्हतं. ती जिथे जाईल तिथे वाईट होतं असं लोक म्हणाले. तिचं दुसरं नाव अलक्ष्मी.

"मग लोक तिला घरात कशाला बोलावतात?" मी विचारलं.

झुंबरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी फार साधं विचारलं होतं.

"धाकटीले बलावलं का मोठी येतेच. बहिनी हायेत."

त्यांचे हात थांबले नव्हते. म्हणाल्या, "मलेही होती एक."

ती होती पारबता. झुंबरबाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई दिवसभर चाकावर आणि भट्टीशी, म्हणून धाकटी थोरलीच्या कडेवर वाढली. पारबताला बीबी गावी दिली. वर्षाच्या आत सासरा गेला. मग जावेचं लेकरू गेलं. लोक म्हणाले, पोरगी पांढऱ्या पायाची आहे. तिला माहेरी आणून सोडलं. इथेही ती गोष्ट तिच्याआधी पोचली होती. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तिला कुणीतरी सांगून जाई, देवी येते त्या वेळेस गल्लीत नको येऊ. एका सकाळी ती घागर घेऊन गेली. घागर विहिरीवर सापडली. लोकांनी विहीर उपसली. ती विहिरीत नव्हती. कुठेच नव्हती.

"मायनं मंग तिचं नाव काढू नाही देलं. मी सहा-सात वर्साची असन. मले तिचा आवाज आठवते. कडेवरून पान्याले जाचो ते आठवते. तिच्या केसाले खोपऱ्याच्या तेलाचा वास होता. तोंड आठवत नाही, समते. सपनात येते, पन पाठमोरी. मी हाका मारतो. वळतच नाही."

वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुष्कळदा अशाच बोलतात, मी जातो, मी सांगतो. त्या दिवशी ते ऐकताना मला वाटलं, एखादं लहान मूल बोलतंय. त्याला अजून आपण बाई आहोत की पुरुष, हे ठरवावं लागलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थोडे दिवस थोपवता आली तर पाहू. झुंबरबाईंना कडेचं दिसेनासं झालं होतं. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसे. ती नळीही बारीक होत होती.

त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना यंदा नाही म्हणून कळवलं. एकच काम ठेवलं. डोणगावच्या अर्जुनरावांच्या घरची ज्येष्ठा माळ्यावरून काढताना हातातून सुटून फुटली होती. कनिष्ठा शाबूत होती. अर्जुनरावांच्या पत्नी विमलबाई तुकडे फडक्यात बांधून घेऊन आल्या. जुनीसारखीच करून द्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर झुंबरबाई मला म्हणाल्या, "एवढी एक जेष्ठा मी पारबताच्या तोंडाची करन. साचा तोच, पन नाक-डोये तिचे करन. डोये जाच्या आत. मले एक फोटो पाहून दे. तू शिकलेली हायेस."

शिकलेल्या माणसाला सगळं सापडतं, अशी त्यांची समजूत होती. मी हो म्हटलं.

---

बीबीला मी बसने गेले. मेहकरला बस बदलावी लागली. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं, वरून ढगांच्या सावल्या जात होत्या. एका शेतावरून सावली सरकली की पलीकडचं शेत उजळे. खिडकीशी डोकं टेकवून मला गुंगी येत होती. शेतांतून वाकलेल्या बायका दिसत होत्या. सगळ्याच पाठमोऱ्या.

पारबताचा नवरा केव्हाच वारला होता. धाकटा दीर होता, तुळशीराम. पंचाहत्तरीच्या पुढचा. लिंबाखाली बाजेवर बसला होता. मी कोण, कशाला आले, ते त्याला दोनदा सांगितलं.

"फोटो? त्या काळात फोटो कोन काढतंय माय. जनावराचा पन दाखला नव्हता, मानसाचा फोटो कुठून."

"कशा दिसायच्या त्या?"

लिंबोळ्या टपटपत होत्या.

"मी बारक्या. वहिनीच्या डोक्यावरून पदर असायचा, हितपर्यंत. तोंड कोन पाहतंय. मी रोज पाया पडायचो, सन असला की. पाय आठवत्यात."

"कसे होते?"

"चांगले होते. कामाचे. भेगा पडलेले." मग तो खाली जमिनीकडे पाहू लागला. तिथे ते पाय अजून असावेत. "पांढरे नव्हते," तो म्हणाला.

मी परत आले तेव्हा झुंबरबाई दारातच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि हसल्या.

"फोटो पाहाले गेली, अन पाय घेऊन आली."

"मला माफ करा."

"कायची माफी? साठ-सत्तर वर्सात तिच्या पायाबद्दल कोनी चांगलं बोललं नव्हतं."

त्या दिवसांत मी त्यांना गोष्टी सांगत असे. त्यांना परदेशी देवींच्या गोष्टी आवडत. ग्रीकांची डिमीटर त्यांना पटली होती. मुलगी जमिनीखाली गेली म्हणून आईने पिकं थांबवली, हे त्यांना बरोबर वाटलं. एका संध्याकाळी मी सुमेरची गोष्ट सांगितली. चार हजार वर्षांपूर्वीची. इनान्ना ही आकाशाची राणी, धाकटी. तिची थोरली बहीण इरेश्किगल पाताळात राहते. धाकटी तिला भेटायला खाली निघते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दरवाज्यात एकेक दागिना काढून द्यावा लागतो. शेवटी उघडी होऊन ती बहिणीपुढे उभी राहते. थोरली नुसती तिच्याकडे पाहते. धाकटी मरते. तिचं प्रेत खुंटीला टांगतात.

अंधार उतरत होता. झुंबरबाईंनी दिवा लावला नाही. त्यांना आता फारसा फरक पडत नव्हता.

"मोठीले तिथं कोनं धाडलं होतं?"

"गोष्टीत ते नीट सांगितलेलं नाही."

"ते कोनी सांगतच नाही. मंग, मोठी काय करून राह्यली होती?"

"कण्हत होती. बाळंतिणीसारखी. पोटात कळा येत होत्या."

"मंग तिच्यापाशी कोनीतरी गेलं असन," झुंबरबाई म्हणाल्या. "तिच्या संगं कन्हलं असन. तवाच धाकटी सुटली असन."

गोष्टीत अगदी तसंच आहे. माशीएवढे दोन जीव दाराच्या फटीतून आत जातात. ती म्हणते, माझं पोट. तेही म्हणतात, तुझं पोट. ती म्हणते, माझी पाठ. तेही म्हणतात, तुझी पाठ. तिच्या दुःखाला कधी कुणी उत्तर दिलेलं नसतं. ती म्हणते, मागा काय हवं ते. ते धाकटीला मागून घेतात.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्यात कळाचं काय हाये? कोनी पानी तं इचारलं पायजे बाईले."

माझ्या लघुप्रबंधात या गोष्टीवर अठरा पानं होती. त्यात हे वाक्य नव्हतं.

---

पोळा झाला. महालक्ष्म्या आठ-दहा दिवसांवर आल्या. फोटो नव्हता, आठवण नव्हती. झुंबरबाईंनी साचा काढला. "तिचं तोंड नाही भेटत तं नाही भेटत," त्या म्हणाल्या. "काम तं करा लागते." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. कोरडा.

मातीत कागदाचा लगदा आणि कापूस मिसळून ती कणकेसारखी मळली. साच्याला आतून राख लावली, माती चिकटू नये म्हणून. मग त्यांनी माती अंगठ्याने दाबत नेली, नाकात, ओठांत, हनुवटीत. सगळं सवयीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा साच्यातून काढला आणि फळीवर ठेवला. यंदा फळीवर ती एकटीच होती.

त्या दिवशी झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं होतं. त्या चाचपडत म्हणाल्या, "समते, खळगा कुठं हाये दाव. बुजवाचा हाये."

मी त्यांचा हात धरला. तर्जनी तिथे मोठी पडत होती. इतकी वर्षं ती मातीची गोळी घेऊनच तिथे जात होती. मी त्यांची करंगळी धरली आणि भिवईच्या टोकाशी टेकवली.

करंगळीचं टोक खळग्यात बसलं.

झुंबरबाई थांबल्या. मी गोळी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. करंगळी उचलली, पुन्हा ठेवली. डोळे मिटले.

"थांब," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी शेळी हाकत गेलं.

"मी हिच्या कडेवर असाची. झोप आली का इथं बोट घालाची. तिच्यावर छपराचा कवेलू पडला होता, भट्टीपाशी, लहानपनी. भिवईपाशी खोक पडली होती. बोट घातलं का मले झोप लागाची."

त्यांचा दुसरा हात मुखवट्यावर आला. नाकावरून, ओठांवरून, पापण्यांवरून फिरला. घाई नव्हती त्यात. आंधळी माणसं आपल्या माणसाचा चेहरा पाहतात तसा.

"मायनं अंगनात सतरंजी टाकली होती. हिले आडवी निजवली. तोंडाले तेल लावलं. मंग माती. नाकात पपईच्या पानाच्या नळ्या देल्या, श्वास घेवाले. मी हासत होती. म्या म्हटलं, अक्का हत्ती झाली. अक्काले हासू येत होतं, तं मायनं तिले दटावलं, हालू नको." त्या थांबल्या. "मले वाटाचं तो खेळ होता. मायनं कधी कोनासंगं खेळ नाही खेळला. माह्या ध्यानात नाही आलं."

म्हणून पापण्या मिटलेल्या होत्या. ओली माती चेहऱ्यावर आली की डोळे मिटावेच लागतात.

"पण हा चेहरा लहान आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

"माती सुकली का आखडते. भाजली का अजून आखडते. साचा आखडला, साच्यातलं तोंड अजून आखडलं. अठरा वर्साची बाई लेकरू होऊन गेली. कशी ओयखू येईन?"

फळी रिकामी होती. मी त्या फळीवर गेल्या वर्षांतल्या सगळ्या झोपलेल्या बायका पाहत होते. हिवऱ्याला गेलेल्या, डोणगावला गेलेल्या. ज्या गल्लीत पारबताला येऊ नको म्हणत, त्याच गल्लीतून तिच्या आईने तिला दरवर्षी पाठवलं होतं. डोक्यावर धरून. थाळी वाजवत. ज्या घरांनी दार लावून घेतलं, त्यांनी तिला लुगडं नेसवलं, सोळा भाज्या करून वाढल्या. थोरलीही तीच आणि धाकटीही तीच. आई मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. धाकट्या लेकीलाही नाही.

झुंबरबाईंची करंगळी अजून तिथेच होती.

"पन्नास वर्स," त्या म्हणाल्या, "मी तिची खोक बुजवत राह्यली."

त्या रडल्या नाहीत. मला रडू येत होतं. त्यांनी मला पाणी आणून दिलं, भिंत धरत धरत.

---

खळगा त्यांनी तसाच ठेवला.

मुखवटा वाळला. रंग चढला, हळदीचा पिवळा, ओठ लाल. डोळे काढायचे राहिले. मी म्हणाले, मी तुमचा हात धरू का? मग आईची आठवण झाली आणि जीभ चावली. झुंबरबाई हसल्या. "नको. तुह्या प्रतिज्ञा सांभाळ. हिचे डोये मीच उघडतो."

डाव्या अंगठ्याने त्यांनी पापणीची कड शोधली. उजव्या हातात कुंचला. अंगठा पुढे, कुंचला मागे. एक डोळा झाला. दुसरा किंचित वर गेला. मी काही बोलले नाही. त्यांनी विचारलं, "कुठं पाहून राह्यली?"

मी नीट पाहिलं. थोरली नेहमी खाली पाहते.

"समोर," मी म्हणाले.

"पाहू दे."

आवाहनाच्या दोन दिवस आधी विमलबाई मुखवटा न्यायला आल्या. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला. बारकाईने पाहणारी बाई. भिवईपाशी त्यांची नजर थांबली.

"बाई, हे तं खंडित हाये."

झुंबरबाईंचे हात मांडीवर होते. मला माहीत होतं त्या काय ऐकत होत्या. खंडित मूर्ती घरात घेत नाहीत. हे मलाही माहीत आहे, आणि मी तर ती घरात घेणाऱ्यांतली नाही. ही ज्येष्ठा इथेच राहिली असती, तर दारातून परत पाठवलेली पारबता पुन्हा एकदा परत आली असती.

"खोक बुजवा. नाही तं मी पितळीची आनतो मेहकरहून," विमलबाई म्हणाल्या. "घरात धाकट्या सुना हायेत. उगाच काही झालं तं."

"समते," झुंबरबाई म्हणाल्या, "जुनीचे तुकडे आन."

मी फडकं आणलं. त्यांनी बोटांनी तुकडे चाचपले, डाव्या भिवईचा तुकडा काढला. ओल्या फडक्याने घासला. रंग गेला. मग नखाने हलकंच उचकलं. मातीची जुनी गोळी निघून हातावर पडली. खाली खळगा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"तुमच्या सासूनं नेली होती ही. तवापासून खोक हाये हिले. म्या झाकून ठेवली होती. ही माही बहीन हाये, विमलबाई. पारबता. आता तुमाले नेवाची तं न्या. नाही तं राहू द्या."

विमलबाईंच्या एका हातात तुकडा होता, दुसऱ्या हातात नवा मुखवटा. त्या बराच वेळ दोन्ही खळगे पाहत होत्या. मग ओट्यावर बसल्या.

"मी नवीन आली होती या घरात," त्या म्हणाल्या, "तवा मले सासूचं लय भेव वाटे. मन मोकळं कराले कोनी नव्हतं. महालक्ष्म्या बसल्या का मी दुपारी हिच्यासमोर बसाची अन रडाची. धाकटीसमोर नाही. हिच्याच समोर. काऊन ते मले कधी समजलं नाही. वाटे, हिले ठाऊक हाये."

विमलबाईंनी पदर पसरला, मुखवटा त्यात ठेवला आणि पदर वरून घेतला. माहेरी आलेल्या लेकीला थंडी लागू नये म्हणून घ्यावा तसा.

उठताना म्हणाल्या, "परवा या तुम्ही. हिले घरात घेवाच्या वेळेस या. अन तूही ये गं पोरी. पूजा नको करू, जेवाले ये."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जा. त्या म्हातारीले बसमंदी कोन चढवन?" मग थोड्या वेळाने, भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली, "अन मले येऊन सांग, कशी घेतली घरात ते."

बसमध्ये झुंबरबाई खिडकीशी बसल्या. दिसत काही नव्हतं, पण त्यांना वारा हवा होता. मी विचारलं, स्वप्नात आली का ती पुन्हा?

"नाही आली. आता कायले येईन? घरोघरी तं हाये."

अर्जुनरावांच्या अंगणात बायका जमल्या होत्या. ऊन कललं होतं. कुणी थाळी वाजवत होतं, कुणी हळदीकुंकू घेऊन उभं होतं. विमलबाईंच्या हातात ज्येष्ठा, जावेच्या हातात कनिष्ठा. मी झुंबरबाईंना घेऊन फाटकाशी उभी राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. घट्ट.

विमलबाई उंबऱ्याशी आल्या. आतून सुनेने विचारलं, जसं दरवर्षी विचारतात.

"कोन आली?"

"महालक्ष्मी आली," सगळ्या म्हणाल्या.

"कोनत्या पावलानं आली?"

याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. बायका तोंड उघडणार, एवढ्यात विमलबाईंनी मान वळवली. फाटकाकडे पाहून म्हणाल्या, "झुंबरबाई, तुम्ही सांगा."

थाळी थांबली. झुंबरबाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. लहान मुलीचा आवाज, कडेवरून बोलल्यासारखा.

"सोन्याच्या पावलानं."

विमलबाई आत गेल्या. थाळी पुन्हा वाजू लागली.

आम्ही तिथेच उभ्या होतो. झुंबरबाईंनी मला विचारलं, "पावलं काढली हायेत काय, रांगोळीची?"

"हो. फाटकापासून पार आतपर्यंत."

"कशी हायेत?"

मी खाली पाहिलं. छोटी, बोटं उमटलेली पावलं. आमच्या पायांपासून निघून उंबरा ओलांडून घरात शिरलेली.

"पांढरी," मी म्हणाले.